तिसऱ्या नावाचा माणूस

'अष्टपैलू' हा शब्द हिऱ्याला शोभतो, क्रिकेटपटूला चालतो; पण नोकरदार माणसाला कोणी अष्टपैलू म्हटलं की त्यानं सावध व्हावं. बँकेत हा किताब मला बहाल झाला त्याला बरीच वर्षं झाली. त्याचा अर्थ एवढाच, की पासबुकाच्या खिडकीवरचा माणूस रजेवर गेला की मी तिथं, क्लिअरिंगवाला आजारी पडला की मी तिथं, आणि लॉकरच्या बाई बाळंतपणाला गेल्या की सहा महिने किल्ल्यांचा जुडगा माझ्या गळ्यात. सगळीकडे बसता येतं म्हणून स्वतःची अशी खुर्ची नाही. बढतीच्या यादीत नाव नसतं ते नसतंच. मात्र निरोपसमारंभाला हार कोणी आणायचे, असा प्रश्न पडला की साहेबांना पहिलं आमचंच नाव आठवतं.

तेव्हा स्टॅन्ली हॉलोवे ह्या इंग्रज नटाच्या नावामागं जिथं जिथं 'अष्टपैलू' लावलेलं वाचतो, तिथं मला वाटतं, लिहिणाऱ्यानं आपली मान सोडवून घेतली. गायक म्हणावं तर हा विनोद करतो. विनोदी नट म्हणावं तर शेक्सपिअरमध्ये कबर खणताना दिसतो. नाटकवाला म्हणावं तर सिनेमांची ही रांग. बँकेत एखाद्या रकमेचं खातं सापडेना की आम्ही ती तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकतो, आणि मग ती तिथंच म्हातारी होते. समीक्षकांच्या सस्पेन्स अकाउंटचं नाव 'अष्टपैलू' असं आहे. हॉलोवे १९८२ साली वारला, ९१ वर्षांचा होऊन. रक्कम अजून तिथंच पडून आहे.

(मी एकेरीवर आलोय हे लक्षात आलंय माझ्या. पण देवाला आणि नटाला एकेरीच हाक मारायची आपली रीत आहे.)

माझं म्हणणं असं, की ह्या माणसानं सत्तर वर्षं एकच धंदा केला. दुकानं बदलली, माल तोच. कोणता, ते सांगतो. पण आधी थोडी खातेउघडणी.

जन्म १ ऑक्टोबर १८९०, लंडनच्या पूर्वेला मॅनर पार्कमध्ये. बाप वकिलाच्या कचेरीत कारकून. पोरगं बारा-चौदाचं झालं तेव्हा गोड गळ्याचा बालगायक म्हणून त्याच्या जाहिराती लागू लागल्या. पण बालगायकाचा धंदा आंब्यासारखा, मोसम संपला की संपला. मग बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात नोकरी, आणि पुढं बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात कारकुनी. कारकुनाचा मुलगा कारकून! सकाळी माशांचे आकडे मांडायचे आणि संध्याकाळी गायचं. ज्यानं हिशेब लिहिले आहेत तो नट निराळा ओळखू येतो असं माझं मत आहे. तो पैसा, पाणी आणि वेळ ह्यांतलं काही सांडत नाही.

१९१३ साली हे गृहस्थ भारदस्त गायक होण्यासाठी इटलीत मिलानला गेले. काही महिन्यांत लक्षात आलं, की ऑपेरा हे आपलं काम नव्हे. परत आले. नंतर पहिलं महायुद्ध, आयर्लंड, फ्रान्स. सुटून आल्यावर १९२१ मध्ये 'को-ऑप्टिमिस्ट्स' नावाच्या मंडळीत शिरले. समुद्रकाठच्या गावांतून सुट्टीला आलेल्या लोकांपुढं पांढरे झुलीदार विदूषकी पोशाख घालून गाणी-नकला करण्याची इंग्लंडात चाल होती. ह्या मंडळीनं तोच खेळ लंडनच्या थिएटरात आणला आणि १९२७ पर्यंत चालवला. मंडळीतल्या प्रत्येकानं सगळं करायचं. गायचं, नाचायचं, दुसऱ्याच्या विनोदाला टेका द्यायचा. थोडक्यात, हॉलोवेचं अष्टपैलुत्व ही दैवी देणगी वगैरे नव्हती. ती कंपनीची ड्यूटी-लिस्ट होती.

आणि इथं त्याला त्याचा माल सापडला. विसाच्या दशकाच्या अखेरीला त्यानं सॅम नावाच्या शिपायाची एक पद्यमय नाट्यछटा स्वतःच लिहून म्हणायला सुरुवात केली. प्रसंग वॉटर्लूचा, साल १८१५. नेपोलियन समोर उभा आहे, लढाईला तोंड लागायचंय, आणि रांगेतून जाता जाता सार्जंटचा धक्का लागून सॅमची बंदूक खाली पडते. सार्जंट म्हणतो, उचल. सॅम म्हणतो, ज्यानं पाडली त्यानं उचलावी. झालं! प्रकरण प्रॉपर चॅनेलनं वर चढायला लागतं. सार्जंटकडून वरच्याकडे, त्याच्याकडून त्याच्याही वरच्याकडे, आणि अखेर खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन येतो आणि चार शब्द गोडीनं बोलतो. सॅम बंदूक उचलतो. मग लढाई.

कर्मचाऱ्यांच्या चळवळीवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण 'मागणी मोठी नव्हती, फक्त नीट विचारायला हवं होतं' ही गोष्ट इतकी मोजकी मी दुसरीकडे वाचलेली नाही. आमच्या युनियनच्या द्वारसभेत ही नाट्यछटा म्हटली तर घोषणांची गरज पडायची नाही.

त्यानंतरचा १९३२ च्या सुमाराचा 'सिंह आणि अल्बर्ट'. लिहिणारा मॅरियट एडगर, म्हणणारा हॉलोवे. रॅम्सबॉटम नावाचं कुटुंब ब्लॅकपूलला सुट्टीला जातं. समुद्राच्या लाटा किरकोळ, कोणी बुडत नाही, म्हणजे पैसे फुकट. म्हणून प्राणिसंग्रहालय. अल्बर्ट आपली घोड्याच्या मुठीची काठी सिंहाच्या कानात खुपसतो. सिंह अल्बर्टला खातो. आईबाप वैतागतात. लक्षात घ्या, हंबरडा वगैरे काही नाही, वैतागतात. राखणदाराकडे तक्रार, मग मॅनेजर, मग मॅजिस्ट्रेट. पुढच्या भागात तर अल्बर्ट परत येतो तो नेमका विम्याचा माणूस घरी आलेला असताना, आणि बापाला आता पोरगं पदरात घेऊन पैसे सोडावे लागतात. हे ऐकताना ज्याला विम्याच्या क्लेमचा फॉर्म भरण्याचा अनुभव आहे तो जरा जास्तच हसतो.

रेकॉर्ड ऐकावी ती ह्यासाठी, की हॉलोवे काय काय करत नाही. तो सिंहाचा आवाज काढत नाही. आईच्या तोंडी रडू घालत नाही. विनोदाच्या जागी थांबून 'हसा आता' असं सुचवत नाही. उत्तर इंग्लंडच्या बोलीत, (आणि हा पठ्ठ्या लंडनचा!) एका पट्टीत, दुकानदारानं पावती वाचावी तसा वाचत जातो. सिंहानं पोर गिळलं ह्या वाक्याला आणि समुद्राच्या लाटा किरकोळ होत्या ह्या वाक्याला आवाज सारखाच. त्या सारखेपणातच भीतीही आहे आणि हसूही. एखादा नकलाकार ह्या जागी सात आवाज काढून टाळ्या घेईल. हॉलोवेनं एका आवाजात सगळं कुटुंब उभं केलं, आणि त्याला म्हणायचं अष्टपैलू! अहो, हा एकपैलूच माणूस. फक्त तो पैलू घासून घासून असा केलेला, की कुठल्याही उजेडात चमकावा.

हीच गोष्ट घेऊन तो सिनेमात गेला. १९४५ चा डेव्हिड लीनचा 'ब्रीफ एन्काउंटर' पाहा. सीलिया जॉन्सन आणि ट्रेव्हर हॉवर्ड, दोघंही विवाहित, स्टेशनवर भेटतात, प्रेमात पडतात आणि सभ्यपणानं झुरतात. त्याच स्टेशनच्या चहाच्या खोलीत तिकीट तपासणारा अल्बर्ट गॉडबी गल्ल्यावरच्या मर्टलबाईंशी लाडीगोडी करत असतो. तो हॉलोवे. पुस्तकं ह्याला 'विनोदी विरंगुळा' म्हणतात, काहीजण म्हणतात की वरच्या वर्गाला रडायला दिलं आणि खालच्या वर्गाला हसायला. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. पटकथा तशीच आहे. पण हॉलोवे ते म्हणणं पुरतं खरं होऊ देत नाही. दोन शिपाई बाईंना दारूवरून दमदाटी करायला लागतात तेव्हा तो पुढं होतो आणि त्यांना बाहेर काढतो. क्षणभर टोपीखाली सरकारी नोकर नसतो, बाईमाणसाच्या बाजूनं उभा राहिलेला पुरुष असतो. मग पुन्हा टोपी, पुन्हा चहा, पुन्हा लाडीगोडी. मुख्य जोडप्याला जे पाऊण-दीड तास धुमसूनही जमत नाही ते ह्याला ड्यूटी सांभाळून जमतं. मी तरी ह्या सिनेमातलं सुखी प्रेम म्हणून अल्बर्टचंच नाव लिहीन.

मधल्या काळातलं भराभर सांगतो. ऑलिव्हिएच्या १९४८ च्या 'हॅम्लेट'मध्ये कबर खणणारा. १९४९ च्या 'पासपोर्ट टु पिम्लिको'मध्ये दुकानदार, जो गल्ली स्वतंत्र झाल्यावर तिचा पंतप्रधान होतो. त्या सिनेमात एक बँक मॅनेजरही आहे, जो हेडऑफिसला धुडकावून लावतो. आमच्या शाखेत हा सिनेमा दाखवावा अशी सूचना मी स्टाफ मीटिंगमध्ये केली होती, इतिवृत्तात ती आली नाही. १९५३ च्या 'टिटफील्ड थंडरबोल्ट'मध्ये एक श्रीमंत गृहस्थ, जो बंद पडणाऱ्या आगगाडीला पैसे देतो; कारण गाडीतला बार सकाळी लवकर उघडता येईल. १९५४ मध्ये ओल्ड व्हिकबरोबर 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला गाढवाच्या डोक्याचा बॉटम, तोही थेट न्यूयॉर्कपर्यंत नेऊन.

थांबायचं ते 'लॅव्हेंडर हिल मॉब'पाशी. साल १९५१. हा सिनेमा प्रत्येक बँकवाल्यानं एकदा आणि व्हिजिलन्स खात्यानं दोनदा पाहावा. अ‍ॅलेक गिनेस झालाय हॉलंड. वीस-एक वर्षं सोन्याच्या विटा गाडीत बसून बँकेत पोचवण्याचं काम. प्रामाणिक, चोख, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. त्याच्या खाणावळवजा हॉटेलात नवा भाडेकरू येतो, पेंडलबरी: जत्रेत विकायचे शिशाचे आयफेल टॉवर ओतणारा कारखानदार आणि मनातून शिल्पकार. तो हॉलोवे. आता हॉलंडला त्याला सांगायचंय, की शिशाऐवजी सोनं ओतलं तर? पण असं कोणी सरळ सांगतं का? हॉलंड आडून आडून बोलतो, समजा म्हणतो, उदाहरणार्थ म्हणतो. आणि हॉलोवे ऐकतो.

ह्या ऐकण्याबद्दल मला बोलायचंय. गिनेसकडे शब्द आहेत, सूचकता आहे, तो पंतोजीसारखा चेहरा आहे. हॉलोवेकडे फक्त कान. पण प्रसंग घडतो तो त्याच्या तोंडावर. आधी पाहुण्याचं बोलणं ऐकून घेण्याचं सौजन्य; मग काहीतरी चुकल्यासारखं; मग अर्थ उमगतो, आणि उमगल्याबरोबर भला माणूस दचकतो; आणि दचकता दचकता, वाचकहो, त्याला मजा वाटायला लागते. आपण दोघं सज्जन आहोत हे किती बरं आहे, अशा अर्थाचं काहीतरी दोघं एकमेकांना बजावतात, आणि आपल्याला कळतं की आता सोनं गेलं. गुन्हा जन्माला येताना मी पाहिला तो ह्या प्रसंगात. पिस्तूल नाही, घाम नाही. दोन मध्यमवयीन माणसं, ज्यांना आयुष्यात कोणी 'तुमचं काय मत?' म्हणून विचारलं नाही, ती एकमेकांना विचारतायत.

गिनेसला ह्या कामासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, पटकथेला ऑस्कर मिळालं, आणि हॉलोवेला 'उत्तम साथ दिली' असं. तबलजीला म्हणतात तसं. त्या दोघांनी पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या गोल जिन्यावरून जी धाव घेतली आहे, फिरत, भोवंडत, खाली येऊन हसत, त्यात साथ कोणाची आणि गाणं कोणाचं हे वेगळं काढून दाखवणाऱ्याला मी एक महिन्याचा ओव्हरटाइम द्यायला तयार आहे.

दोष नाहीत असं नाही. गायक म्हणून हॉलोवे दुसऱ्या वर्गात पास. आवाज भरदार, पण गंभीर प्रेमगीत म्हणायला लागला की वाटतं, आता ह्यात सिंह कधी येणार? अमेरिकेत १९६२ मध्ये 'अवर मॅन हिगिन्स' नावाच्या टेलिव्हिजन मालिकेत तो बटलर झाला, ती एका हंगामात संपली. जिथं लेखणी पोकळ असे तिथं त्याचा तो शांतपणा नुसता आळस वाटू लागे. मोजून बोलणाऱ्याला मोजण्यासारखं काहीतरी हातात लागतं. ते नसलं की काटा तसाच हलत राहतो.

आता 'माय फेअर लेडी'. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरचं हे संगीत नाटक १५ मार्च १९५६ ला न्यूयॉर्कला उभं राहिलं. आधी रेक्स हॅरिसन, ज्युली अँड्र्यूज, आणि नंतर तिसरं नाव: स्टॅन्ली हॉलोवे. वय ६५. आमच्याकडे ह्या वयाच्या माणसाची ग्रॅच्युइटीसुद्धा खर्च होऊन गेलेली असते. काम डूलिटलचं, फुलवालीचा बाप, कचरा उचलणारा, पिणारा, तत्त्वज्ञानी. तालमीत दिग्दर्शक मॉस हार्ट सारा वेळ हॅरिसन आणि अँड्र्यूज ह्यांच्यामागं. हॉलोवेकडे कोणी बघेना. म्हातारा रुसला, म्हणाला, मी चाललो. तेव्हा हार्टनं त्याची समजूत घातली ती अशा अर्थाची: माझ्याकडे एक मुलगी आहे जिनं एवढी मोठी भूमिका कधी केलेली नाही, आणि एक नट आहे जो रंगभूमीवर कधी गायलेला नाही. तुम्ही दोन्ही करून बसलात. तुमच्याकडे दुर्लक्ष होतंय, हे तुमचं कौतुक समजा.

हॉलोवे राहिला. मी ही हकीकत आमच्या हेडकॅशियरना सांगितली. ते नोटा मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "अहो, आमच्या साहेबांनाही हेच म्हणायचं असेल हो. फक्त त्यांनी तोंडानं सांगितलं नाही कधी." आणि पुढचं बंडल घेतलं. ह्या माणसाला मी तेवीस वर्षांत एकदाही रुसलेला पाहिलेला नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली, की रुसला असेल. कोणी विचारलं नसेल.

न्यूयॉर्क झालं, १९५८ ला लंडनचं ड्रुरी लेन झालं, आणि सिनेमा काढायची वेळ आली तेव्हा निर्माता जॅक वॉर्नरनं डूलिटलसाठी विचारलं कोणाला? जेम्स कॅग्नीला! कॅग्नी नको म्हणाला म्हणून १९६४ च्या पडद्यावर आपल्याला हॉलोवे दिसतो. ज्युली अँड्र्यूजला तर घेतलंच नाही. ऑड्री हेपबर्न आली, आणि तिच्या तोंडची बहुतेक गाणी पडद्यामागून मार्नी निक्सननं म्हटली. म्हणजे ज्या सिनेमात नायिकेचा गळा उसना, तिथं सत्तरी ओलांडलेला हा बाबा स्वतःच्या गळ्यानं दोन गाणी म्हणून जातो. सहायक अभिनेत्याचं नामांकन मिळालं; बक्षीस पीटर उस्तिनोव्हला गेलं.

आपल्याकडे पु. ल. देशपांडे ह्यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' आणली. मंजुळा आणि भक्ती बर्वे, मंजुळेचं ते स्वगत, हे महाराष्ट्राला तोंडपाठ. मंजुळेच्या बापाचं काम कोणी केलं होतं, हे दहा रसिकांना विचारून पाहा. तिसऱ्या नावाला भाषेचा अडसर नाही.

आणि तरी डूलिटलवरून माझ्या घरात मतभेद आहे. तो उघड करणं समीक्षक म्हणून कर्तव्य समजतो. मी हा सिनेमा घरी लावला तेव्हा डूलिटल प्रोफेसरकडे येतो तो प्रसंग चालू होता. मुलगी परक्याच्या घरात राहायला गेलीय, आणि बाप येतो तो पाच पौंड मागायला. प्रोफेसर दहा देऊ करतो, तर हा नको म्हणतो. दहा आले की माणूस जपून वागायला लागतो, सुख जातं, पाचच द्या. बँकेत असा खातेदार मला भेटला तर मी त्याच्या पाया पडेन. मी खो खो हसलो. सौ. म्हणाली, "अहो, तो मुलगी विकतोय. तुम्हांला हसू कसलं येतंय?"

समीक्षेत ह्यावर उत्तर शोधायला मी १९३८ चा जुना 'पिग्मॅलियन' पाहिला. त्यात विल्फ्रिड लॉसनचा डूलिटल आहे. खर्जातला, खडबडीत, खिशात हात घातला तर चाकू निघेल की बाटली हे सांगता न येणारा. शॉला बहुधा हाच हवा होता. ह्याच्या पाच पौंडांचा चटका बसतो. हॉलोवेचा डूलिटल मात्र इतका गोड आहे, की पैसे घेताना तो आपल्यावरच उपकार करतोय असं वाटतं. म्हणजे सौ.चा मुद्दा खरा: त्यानं कडू गोळी साखरेत घोळली. सिंहाच्या गोष्टीत साखर नव्हती, तिथं पोर गिळल्याचं पोर गिळल्याइतकंच ऐकू येतं. इथं मुलीचा सौदा गाण्याखाली बुडून जातो. कारण नाटक संगीत होतं, थिएटर मोठं होतं, आणि लोकांना घरी आनंदात जायचं होतं. साठ वर्षांच्या सवयीनं त्यानं गिऱ्हाइकाला हवा तो माल दिला. थोडा लॉसन त्यात मिसळला असता तर तो पहिल्या नावापर्यंत पोचला असता असं मला वाटतं. आणि मग तो हॉलोवे राहिला नसता, असंही वाटतं. इथं माझा ताळा जुळत नाही.

पण एक जागा आहे. वारसानं पैसा मिळून डूलिटलचं सुख बिघडतं, लग्न करावं लागतं, आणि आदल्या रात्री तो गुत्त्यात शेवटचं नाचून घेतो. पहाट झाल्यावर दोस्त त्याला खांद्यावर आडवा उचलून नेतात. लग्नाला की मसणात, हे पडद्यावरून कळू नये अशा बेतानं. तेव्हा हॉलोवेच्या चेहऱ्यावर काही नसतं. अल्बर्टला सिंहानं खाल्ल्याचं सांगतानाचा आवाज जसा, तसा तो चेहरा. हे मी सौ.ला पुन्हा लावून दाखवलं. तिनं हातातली भाजी बाजूला ठेवून नीट पाहिलं.

"माणूस चांगलं काम करतो," ती म्हणाली. "पण ते पाच पौंड मुलीला परत द्यायला हवे होते."